आत्तापुरतं जोडून देतो

‘आत्तापुरतं जोडून देतो’ हे तीन शब्द मराठी भाषेतून कायद्याने काढून टाकावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. भाषाशुद्धीवाल्यांनी फारसी आणि इंग्रजी शब्दांच्या मागे काठी घेऊन धावण्यात बरीच वर्षं घालवली. त्या परक्या शब्दांनी खरं म्हणजे कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. टेबलाला टेबल म्हटलं म्हणून त्याचा पाय मोडत नाही. ज्यांनी खरोखर वाटोळं केलं, ते हे तीन शब्द मात्र शंभर टक्के मराठी, दिसायला सालस आणि बोलायला मृदू असल्यामुळे कोणाच्याच तावडीत सापडले नाहीत. माझ्या तावडीत सापडले, कारण माझ्याकडे एक जुनी पिकअप आहे.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. कंपनीचा यात काडीचाही दोष नाही आणि जे झालं ते सगळं तिच्या पश्चात झालं. गाडी जीपच्या घराण्यातली. चेहऱ्यावर तोच करारीपणा आणि बसायला तोच कडकपणा. आमच्या कळवणात अशा गाड्या पुष्कळ. त्या कांदा वाहतात, खत वाहतात, वऱ्हाड वाहतात आणि मालकाचा संसारही वाहतात. डिझेल घातलं की चालायचं आणि धक्का मारला की सुरू व्हायचं, एवढाच त्यांचा धर्म. माझी गाडी त्यातला दुसरा भाग जरा जास्तच श्रद्धेने पाळू लागली, तिथून ही कथा सुरू होते.

रोज सकाळी किल्ली फिरवली, की सेल्फ ‘टक्’ असा एकच उद्गार काढून गप्प बसायचा. मग गल्लीतली चार पोरं जमवायची. पुढे पुढे तर आमच्या दाराशी गाडीचं दार वाजलं, की पोरं खिडकीतूनच विचारायची, ‘‘काका, येऊ का?’’ शेजारचे आप्पा म्हणाले, ‘‘बॅटरी गेली.’’ बॅटरी बदलली. आठ महिन्यांत नवी बॅटरी जुन्या बॅटरीच्या वाटेने गेली. तेव्हा मेव्हणे म्हणाले, ‘‘बॅटरीचं काय घेऊन बसलात! डायनामो कमजोर आहे.’’

इथे एक खुलासा केला पाहिजे. आमच्याकडे अल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतात. जुन्या मोटारींत खरोखरच डायनामो असायचा, पण तो गाडी उभी असताना, इंजिन मंद चालत असताना, जवळजवळ काहीच वीज द्यायचा नाही. अल्टरनेटर मंद चालीवरही देतो. तो आधी उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो आणि पोटातल्या डायोडांकरवी तिला एका दिशेने चालायला लावतो. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर हे मोटारीत परवडू लागलं. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर बसवला आणि मग डायनामो जगातून हळूहळू गेला. कळवणातून त्याचं नाव मात्र गेलं नाही. आम्ही कोणाला सहसा विसरत नाही.

तर मेव्हण्यांच्या सल्ल्याने गाडीला ‘अपग्रेड’ करायचं ठरलं. जुना अल्टरनेटर ३५ अँपिअरचा होता. मेव्हण्यांनी ६५ अँपिअरचा आणवला. मला अँपिअर म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं, पण ६५ हा आकडा ३५ पेक्षा मोठा आहे एवढं गणित येत होतं. मध्यमवर्गीय माणसाला खरेदीच्या वेळी एवढंच गणित लागतं. मेव्हण्यांच्या ओळखीच्या कारागिराने तासाभरात तो बसवला. नव्याचा पट्टा, नव्याची चकाकी! जुनीच तार त्याला नव्या अल्टरनेटरच्या टोकाला पुरेना, म्हणून त्याने वीतभर तुकडा घेतला, दोन्ही टोकं दातांनी सोलली, पीळ दिला, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, ‘‘आत्तापुरतं जोडून देतो.’’

मी ‘‘बरं’’ म्हणालो. हा माझा गुन्हा. पुढे मी बऱ्याच लोकांवर आरोप करणार आहे, म्हणून आपला कबुलीजबाब आधी देऊन ठेवतो.

गंमत पाहा, या वाक्यात खोटं काहीच नाही. कारागीर ‘आत्तापुरतं’ म्हणाला ते त्याने मनापासून म्हटलं होतं. फक्त ‘आत्ता’ कधी संपणार, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आपल्याकडे ‘आत्ता’ला शेवट नसतो. आपल्या राज्यघटनेने १९५० साली इंग्रजी भाषा सरकारी कामात पंधरा वर्षांपुरतीच ठेवली होती. ती पंधरा वर्षं १९६५ साली संपली. त्याआधीच, १९६३ साली, कायदा करून ती पुढे चालू ठेवली आणि ती अजून चालू आहे. जिथे घटनेतला ‘आत्तापुरता’ टिकला, तिथे चिकटपट्टीखालचा टिकला तर नवल काय?

ताकद वाढल्यावर ती वापरायची हौसही वाढते. पुढे दोन हॅलोजनचे दिवे आले. पुतण्याने गाणी वाजवायचं यंत्र बसवलं. केबिनमध्ये एक इवलासा पंखा आला, ज्याचा वारा फक्त त्याला स्वतःलाच लागायचा. हे सगळं त्याच जुन्या तारांवर. एकदा फ्यूज उडाला तेव्हा पुतण्याने सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून तो पुन्हा बसवला. पुतण्या सिगारेट ओढतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. गाडीचं पुढे काय होणार आहे हे मात्र कळलं नाही.

चैत्र महिना होता. आमच्याकडे चैत्रात दोन गोष्टी एकदम येतात, उन्हाळ कांदा आणि देवीची यात्रा. सप्तशृंगीचा गड आमच्या कळवण तालुक्यात आहे. वणी शेजारच्या दिंडोरी तालुक्यात. तरी सगळा महाराष्ट्र ‘वणीची देवी’ म्हणतो. ही आमची जुनी जखम आहे, पण तिच्याबद्दल पुन्हा केव्हातरी. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत खान्देशातून हजारो माणसं पायी गडाकडे निघतात. ऊन असं, की दिवसा डांबर पायाला चिकटतं, म्हणून बरीचशी रात्रीची चालतात. हातात झेंडा, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर.

मी रात्री नांदुरीच्या रस्त्याने निघालो होतो. नातलगांच्या मळ्यातला कांदा आणायचा होता. थोडं पुढे गेल्यावर मला वाटलं, आपल्याला चष्म्याचा नंबर लागलेला दिसतो. रस्ता पिवळट दिसायला लागला, मग तांबूस. नाकात रबर जळल्यासारखा वास आला. मी पुतण्याला म्हणालो, ‘‘कोणीतरी टायर जाळतंय वाटतं.’’ एवढ्यात डॅशबोर्डच्या मागून धुराची एक रेघ निघाली आणि सगळे दिवे एकदम गेले.

आता जुन्या डिझेल गाडीचा एक गुण सांगतो, जो त्या क्षणी अवगुण ठरला. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, म्हणून वीज गेली की ते बंद पडतं. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नसते. ते दाबाच्या उष्णतेवर चालतं. म्हणजे माझ्या गाडीचे डोळे मिटले होते आणि पाय चालूच होते. अंधारात किती अंतर गेलो ते मला सांगता येणार नाही. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली तेव्हा बॉनेटच्या पुढे, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या अंतरावर, माणसं होती. पंधरा-वीस तरी असतील. त्यात एक बाई झोपलेलं लेकरू खांद्यावर घेऊन उभी होती. ते जागंसुद्धा झालं नाही.

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. एक म्हातारी तेवढी पुढे आली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘भाऊ, तुन्ही गाडीले डोया नहीत का?’’

त्यांच्यातल्याच एकाने बॅटरीची तार उपटून धूर थांबवला. दोन पोरं हातात मोबाइलचे दिवे घेऊन गाडीच्या पुढे चालली आणि पुढच्या वस्तीपर्यंत आम्हाला सोडून गेली. यात्रेकरूंनी गाडीला वाट दाखवायची आणि गाडीने त्यांच्या मागून मुंगीच्या पावलांनी जायचं. देवीकडे जाणाऱ्या माणसांना मी त्या रात्री जवळजवळ फारच लवकर पोचवलं असतं, हा विनोद मला अजून नीट करता येत नाही. असो.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढत दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. हे गृहस्थ कमी बोलतात, म्हणून त्यांच्याकडे गिऱ्हाईकही कमी. मी पुतण्याला बाजूला घेऊन म्हणालो, ‘‘हा अल्टरनेटर खराब निघाला म्हणावं, आता ९० अँपिअरचाच टाका.’’ मिस्त्रींनी ते ऐकलं आणि काही न बोलता डॅशबोर्ड उघडला.

आमच्या गाडीत अँपिअर मीटर आहे. तो काटा उजवीकडे-डावीकडे हलताना पाहून मला नेहमी आपण विमान चालवतोय असं वाटायचं. पण त्या काट्याचं बिंग त्या दिवशी फुटलं. अल्टरनेटर इंजिनाजवळ, बॅटरीही इंजिनाजवळ, दोघांत जेमतेम दोन-तीन हातांचं अंतर. पण वीज मात्र अल्टरनेटरमधून निघून, पत्र्याच्या भिंतीतल्या भोकातून केबिनमध्ये येऊन, त्या मीटरला आपलं तोंड दाखवून, पुन्हा त्याच भोकातून बॅटरीकडे परत जायची. याला आपल्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात. गाव शेजारी, पण कागद मंत्रालयातून फिरून येणार! ३५ अँपिअरच्या काळात ही तीर्थयात्रा तारेला झेपत होती. मीटरच्या मागचा एक नट ढिला झाला होता, त्याच्याजवळची तार काळी ठिक्कर पडली होती आणि प्लास्टिक वितळून मेणबत्तीसारखं ओघळलं होतं.

मिस्त्रींनी तो जळका भाग तपासणीपुरता जोडला (हेही ‘पुरतं’च, पण त्यांनी ते दहा मिनिटांत सोडवलं), इंजिन सुरू केलं, दिवे लावले आणि मीटरच्या दोन काड्या माझ्यासमोर धरल्या. अल्टरनेटरच्या टोकाशी १४.४ व्होल्ट. बॅटरीच्या टोकाशी १२.७.

‘‘काय दिसतंय भाऊ?’’

‘‘अल्टरनेटर खराब आहे,’’ मी ठाम राहिलो.

‘‘अल्टरनेटर १४.४ देतोय. तेवढेच द्यायला पाहिजेत. पोचतात १२.७. मधले १.७ कुठे गेले?’’

बॅटरी पूर्ण भरलेली असली की निवांत बसल्या बसल्याच तिच्यात साधारण १२.६ व्होल्ट असतात. तिला भरायची तर बाहेरून चौदाच्या आसपास द्यावे लागतात. १२.७ देणं म्हणजे भरलेल्या हंड्यात हंड्याच्याच उंचीवरून पाणी ओतण्यासारखं आहे. अर्धपोटी बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे थर चढतात आणि ती अकाली जाते. म्हणजे माझ्या दोन्ही बॅटऱ्या निरपराध होत्या. मी त्यांना फासावर दिलं होतं. त्यांचं अन्न वाटेत तार खात होती. १९८५ साली राजीव गांधी म्हणाले होते, की सरकारने पाठवलेल्या रुपयातले पंधराच पैसे माणसापर्यंत पोचतात. त्या मानाने माझी तार फारच प्रामाणिक म्हणायची, पण गाडी मानाने चालत नाही, व्होल्टाने चालते. दिव्याचं तर आणखीच अवघड. तारेच्या बल्बचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं, तर उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. मी ज्याला चष्म्याचा नंबर समजत होतो, तो हा.

आणि मोठा अल्टरनेटर बसवून मी तारेवर उपकार केले नव्हते, तिचा गळा आवळला होता. तारेतून जाणारी वीज दुप्पट झाली, की तार दुप्पट तापत नाही, चौपट तापते. साध्या हिशेबाने, चार चौरस मिलिमीटर जाडीच्या, चार मीटर लांब तांब्याच्या तारेतून ३० अँपिअर गेले तर सोळा वॉटच्या आसपास उष्णता; ६० गेले तर साठाच्या वर. म्हणजे डॅशबोर्डच्या मागे एक सोल्डरिंगचं यंत्र चालू करून मी नांदुरीला निघालो होतो.

मग मिस्त्रींनी दुसरी काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि पहिली इंजिनाच्या अंगावर ठेवली. तिथे शून्याच्या जवळपास दिसायला हवं होतं. दिसलं ०.५. ‘‘भाऊ,’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘तुमच्या गाडीत अर्थच नाही.’’

माझ्या लेखांबद्दल हे मी पूर्वी ऐकलं होतं. गाडीबद्दल प्रथमच ऐकलं. अर्थ म्हणजे वीज परत येण्याची वाट. जायची तार लाल, ती सगळ्यांना दिसते. यायची वाट म्हणजे गाडीचा सांगाडाच, आणि इंजिनापासून सांगाड्यापर्यंत व बॅटरीपर्यंत जी पट्टी असते तिच्याकडे कोणी पाहत नाही. माझ्या गाडीला रंग देताना रंगाऱ्याने ती पट्टी सोडवून, खालीही रंग मारून, पुन्हा रंगावरच आवळली होती. गाडी सुंदर दिसत होती. अर्थाचा अनर्थ मात्र झाला होता.

मिस्त्रींनी काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण अपग्रेड कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. अल्टरनेटरपासून थेट बॅटरीपर्यंत सोळा चौरस मिलिमीटरची जाड केबल टाकली. टोकांना पिळाऐवजी तांब्याचे लग दाबून बसवले, वर स्लीव्ह चढवली. बॅटरीजवळ मोठा फ्यूज घातला आणि मला बजावलं, की फ्यूज दिव्यांसाठी किंवा यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो. तार जळायच्या आधी त्याने मरायचं असतं. सिगारेटचा कागद मरत नाही, म्हणून तार मरते. अँपिअर मीटरला पेन्शन देऊन तिथे व्होल्टमीटर बसवला, म्हणजे काट्याची हौसही राहिली. हेडलाइटना रिले दिले. बटणाने आता फक्त हुकूम सोडायचा, ओझं रिलेने जाड तारेवरून वाहायचं. नव्या अल्टरनेटरला सुरुवातीला जागं करणारी एक बारीक तार असते, ती डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यातून जाते. तो इवलासा दिवा गेला तर एवढा मोठा अल्टरनेटर झोपूनच राहू शकतो. तो दिवाही नवा घातला. शेवटी इंजिन, सांगाडा आणि बॅटरी यांच्यामध्ये रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर नव्या अर्थपट्ट्या आवळल्या. पुन्हा काड्या लावल्या. अल्टरनेटरशी १४.४, बॅटरीशी १४.२. अल्टरनेटर तोच.

मग बिल आलं. आणि इथे माझ्या तोंडातून जे वाक्य निघालं, ते मी लपवून ठेवू शकलो असतो. मी म्हणालो, ‘‘नुसत्या वायरचे एवढे?’’

मिस्त्री हात पुसत म्हणाले, ‘‘अल्टरनेटरचे विचारले होते का भाऊ?’’

नव्हते विचारले. दोन बॅटऱ्या आणि एक अल्टरनेटर यांना मी मुकाट्याने पैसे मोजले होते. केबल, लग, फ्यूज, रिले आणि या माणसाची पूर्ण दिवसाची मेहनत, सगळं मिळून त्याच्या पाव हिश्शालाही पोचत नव्हतं. तरी माझा जीव तिथेच अडकला. कारण बॅटरी खोक्यातून येते, तिच्यावर लेबल असतं, चार लोकांना दाखवता येते. तार पत्र्याच्या आत जाते. मेव्हण्यांच्या कारागिराने चिकटपट्टी का गुंडाळली? तो आळशी होता म्हणून नव्हे. त्याला अनुभवाने माहीत होतं, की हे गिऱ्हाईक खोक्याचे पैसे देतं, जोडणीचे देत नाही. ‘आत्तापुरतं’ हे त्याचं बोलणं, पण लेखक मी होतो.

आता माझं भांडण मिस्त्रींशी नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते ‘जुगाड’ या शब्दाची आरती करणाऱ्यांशी आहे. अलीकडे या शब्दाला फार भाव आला आहे. २०१२ साली तर ‘जुगाड इनोव्हेशन’ नावाचं इंग्रजी पुस्तकच निघालं. तेव्हापासून कोट घातलेली माणसंसुद्धा जुगाड म्हणजे भारतीय प्रतिभेचा आविष्कार असं सांगतात. उत्तरेत जुगाड म्हणजे मुळात पाणी उपसायचं इंजिन लाकडी सांगाड्यावर ठोकून केलेली गाडी. तिने गोरगरिबांची सोय केली हे खरं. पण तिचे अपघात व्हायला लागले तेव्हा प्रश्न आला की हे वाहन तरी आहे का? २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की जुगाड हेही मोटार वाहनच आहे आणि मोटार वाहन कायदा त्यालाही लागू आहे. प्रतिभेला ब्रेक आणि दिवे असावेत, एवढंच न्यायालयाचं म्हणणं.

तुम्ही म्हणाल, रात्री दहा वाजता रानात गाडी बंद पडली, मागे कांदा आहे, वर पावसाचा ढग आहे, तेव्हा माणसाने काय सोळा चौरस मिलिमीटरची केबल शोधत बसायचं? मुळीच नाही. तेव्हा दातांनीच तार सोलावी, बायकोच्या केसातला आकडा वापरावा आणि घर गाठावं. तो प्रथमोपचार आहे आणि प्रथमोपचाराला मी हात जोडतो. पण रक्त थांबवायला फडकं बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो. आपण दुसऱ्या दिवशी त्या फडक्याचं कौतुक करतो आणि वर म्हणतो, ‘‘चालतंय ना? मग हात लावू नका.’’

गाडी सोडा, आमच्या मळ्यात या. विहिरीवरची मोटर जळते. का जळते? लांब आणि बारीक केबलमधून व्होल्टेज कमी येतं, मोटर जास्त करंट ओढते, तापते, जळते. आम्ही मोटर भरून आणतो, पुढच्या हंगामात नवी घेतो, त्याच्या पुढच्या हंगामात जास्त हॉर्सपॉवरची घेतो. केबल मात्र आजोबांनी टाकलेली. मोटरला हार घालून, नारळ फोडून फोटो काढता येतो. केबलला हार कुठे घालायचा?

आणि हे शहाणपण आम्हाला कोणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. आमच्या शेजारी बागलाणात आणि पलीकडे धुळ्याच्या बाजूला मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर लहानसा दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या शेतीचे वाटून घेतलेले फड. या पद्धतीत पाणी सोडणारा पाटकरी वेगळा नेमलेला आणि पिकाची राखण करणारा जागल्या वेगळा. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला सगळ्या शेतकऱ्यांनी यायचं. बंधारा कितीही भक्कम असला, तरी पाट तुंबला तर शेवटच्या शेतात पाणी पोचत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पाटाला माणूस नेमला होता, पगार दिला होता, मान दिला होता. आम्ही बंधारे मोठे केले आणि पाटकऱ्याला विसरलो.

म्हणून माझी साधी मागणी आहे. कारागिराने ‘आत्तापुरतं’ म्हटलं, की तिथेच विचारावं, ‘‘पक्कं कधी करायचं? वार सांगा.’’ आणि वार सांगितला की त्या दिवसाचे पैसे, तारेचे आणि मेहनतीचे, कुरकुर न करता द्यावेत. यंत्र घेताना ते कोणत्या तारेवर चालणार हे आधी विचारावं. अर्थ तपासावा. गाडीचा तर तपासावाच.

हे लिहून संपवलं आणि समाधानाने पेन खाली ठेवलं, तेवढ्यात टेबलावरचा दिवा दोनदा मिचकावला. आमची ही दारातून म्हणाली, ‘‘हलवू नका तो! किती वर्षं सांगतेय.’’ वाकून पाहिलं. दिव्याच्या वायरला पिनच नव्हती. दोन उघड्या तारा भिंतीतल्या भोकांत घालून वर काडेपेटीच्या दोन काड्या ठोकलेल्या. कोणी ठोकल्या होत्या ते मला चांगलं आठवत होतं. बटण बंद केलं, चपला घातल्या आणि पिन आणायला बाजारात निघालो. जाताना हिला म्हणालो, ‘‘आलोच.’’

‘‘येताना मिक्सरच्या वायरलाही एक आणा,’’ ती म्हणाली. ‘‘तिला तुम्ही आत्तापुरती चिकटपट्टी लावलीय.’’